सांबऱ्याहून जंपसीटवर

माझं घर बेळगावात, शहापूरला. नोकरीचा बेस बंगळूर. एटीआर 72 या पंख्यांच्या छोट्या प्रवासी विमानावर को-पायलट आहे. बंगळूरला आम्ही तिघांनी मिळून देवनहळ्ळीच्या रस्त्याला एक खोली घेतलीय. तिला आमच्यात क्रॅशपॅड म्हणतात. आईसमोर हा शब्द काढायचा नाही, एवढं पथ्य पाळतो.

जुलै 2025 पासून पायलटची आठवड्याची विश्रांती 36 तासांवरून सलग 48 तासांवर गेली आणि आमच्यासारख्या लांबून ये-जा करणाऱ्यांची चंगळ झाली. दोन रात्री घरी मिळतात. पण घर ते बेस हा प्रवास कुणाच्याच हिशोबात नसतो. कंपनीनं कामासाठी एका गावाहून दुसऱ्या गावी नेलं तर तो वेळ ड्युटीत धरतात. बेळगावात राहायची हौस माझी, तेव्हा तो प्रवास माझा. ड्युटीवर मात्र झोप पूर्ण करून, ताजंतवानं हजर व्हायचं. पाऊस लागला, विमान आलंच नाही, जागा मिळाली नाही, यातलं काहीही ड्युट्या लावणाऱ्या रोस्टरवाल्यांना ऐकायचं नसतं. म्हणून जुनी मंडळी सांगतात, की वेळेत पोचवणारं शेवटचं विमान आपलं नव्हेच, त्याच्या आधीचं धरायचं. सांबरा म्हणजे आमचा बेळगावचा विमानतळ, तिथून विमानं मोजकी. त्यामुळे मी आदल्या दिवशीच निघतो.

स्टाफचं तिकीट म्हणजे जागा उरली तर. पैसे भरून आलेला प्रवासी शेवटच्या मिनिटाला घामाघूम होऊन पळत आला तरी तो आधी, आपण नंतर, आणि त्यात वाईट वाटून घ्यायचं काही कारण नाही. केबिनमध्ये एखादी जागा उरली तर गुपचूप जाऊन बसायचं. पण बेळगाव-बंगळूर हे विमान रविवारी संध्याकाळी कधी रिकामं गेलंय? आयटीतली अर्धी पोरं शनिवार-रविवार घरी येतात आणि आईनं दिलेले डबे घेऊन परत जातात. अशा दिवशी एकच आशा उरते. कॉकपिटमध्ये दोन्ही पायलटांच्या मागं, दाराशी, एक घडीची खुर्ची असते, ती जंपसीट. ती मुळात परीक्षकासाठी, डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याच्या, इन्स्पेक्टरसाठी, शिकाऊ पायलटला दाखवायला नेण्यासाठी असते. यांपैकी कुणी नसेल तर आमची कंपनी आपल्याच पायलटला त्यावर बसायची परवानगी देते. अमेरिकेत दुसऱ्या कंपनीच्या पायलटलाही बसता येतं. तिथं त्याची नोकरी आणि ओळख संगणकावर ताडून बघायची वेगळी व्यवस्था आहे, आणि तिकडचे हजारो पायलट त्यावर घर एका राज्यात, नोकरी दुसऱ्या राज्यात, असा संसार चालवतात. आमच्याकडे आपलं विमान, आपली कंपनी, तेवढंच.

परवानगीची कामं कंटाळवाणी आहेत, ती पटकन सांगतो. ऑपरेशन्सला, म्हणजे कंपनीच्या उड्डाणं सांभाळणाऱ्या विभागाला, आधी कळवायचं, यादीत नाव घालून घ्यायचं, ओळखपत्र आणि लायसन्स जवळ ठेवायचं, आणि उडवणाऱ्या पायलटांसारखीच ब्रेथ अ‍ॅनालायझरची नळी फुंकायची. खोकल्यावर आईनं आग्रहानं काढलेलं दशमूलारिष्ट त्या दिवशी नको म्हणायचं. आसवं-अरिष्टं म्हणजे शेवटी आंबवलेली औषधं.

एवढं सगळं झालं की माणसाला वाटतं, जागा मिळाली. मिळालेली नसते.

आमचं विमान मागच्या दारानं भरतं. एटीआरला पुढच्या बाजूला सामानाचा कप्पा आणि त्याच्या पलीकडं कॉकपिट, त्यामुळं कॅप्टनपर्यंत पोचायला सगळं विमान चालून जावं लागतं. म्हणून प्रवासी चढायच्या आधीच जायचं. मागच्या पायऱ्यांवर केबिन क्रूला आधी नमस्कार, कारण विमानात कोण फिरतंय हे त्यांना ठाऊक असलं पाहिजे. मग मधल्या वाटेनं पुढं, सामानाच्या जाळ्यांमधून अंग चोरून, उघड्या दारापर्यंत. उजवं इंजिन हॉटेल मोडमध्ये घुमत असतं, पंखा ब्रेक लावून थांबवलेला. वीज आणि थंड हवा तेवढी त्यातून येते. कॅप्टन एकतर टॅबलेटवर हवामान बघत असतात, नाहीतर को-पायलटबरोबर एफएमएसमधला, म्हणजे विमानाच्या मार्गाच्या संगणकातला, मार्ग पडताळत असतात. इथं थांबायचं. खोकायचं नाही, दारावर टकटक करायची नाही, ‘सर’ म्हणून मध्येच तोंड घालायचं नाही. ते स्वतः मान वर करेपर्यंत उभं राहायचं. बॅग बाहेर ठेवायची. बॅग आत टाकून मग विचारणं म्हणजे उत्तर आपणच देऊन टाकल्यासारखं.

मान वर झाली की नाव, कुठल्या बेसचा, कुठं निघालोय, आणि मग सरळ प्रश्न: ‘‘सर, जंपसीट मिळेल का?’’ ओळखपत्र हातात, दिसेल असं. प्रश्न खरा असला पाहिजे. ‘‘सर, आज मी आहे हं तुमच्याबरोबर’’ असं हसत हसत सांगणारेही असतात. मला ते पटत नाही. कानाला गोड लागतं, पण त्यात समोरच्याला नाही म्हणायला जागाच ठेवलेली नसते.

बहुतेक वेळा हो म्हणतात. एक धारवाडकडच्या कॅप्टन आहेत. मी कन्नडमध्ये विचारलं की त्या मान न वळवता म्हणतात, ‘‘बर्री, कुंद्री.’’ या, बसा. पण कुंद्री म्हटलं तरी त्या एकदा वळून बघतात. पायापासून डोक्यापर्यंत. हातात काय आहे, डोळे कसे आहेत, श्वास फुललाय का. पहिल्यांदा मला ते जरा चमत्कारिक वाटलं होतं. आता वाटत नाही, आणि का वाटत नाही ते पुढं येईलच.

हो म्हटल्यावर कागद हलतात. ट्रिमशीटवर, म्हणजे विमानाच्या वजनाच्या हिशोबाच्या कागदावर, माझं वजन वाढतं, विमानातल्या माणसांचा आकडा एकानं वाढतो. हा आकडा फार महत्त्वाचा. काही बरं-वाईट झालं तर शोधणारे तेवढी माणसं मोजणार. त्यानंतर मला माहिती देतात, मी त्याच विमानाचा पायलट असलो तरी. पट्टे कसे लावायचे, ऑक्सिजनचा मास्क कुठला, हेडसेट कुठं जोडायचा, छतातली सुटकेची खिडकी कशी उघडायची आणि तिथला दोर कुठं आहे. एटीआरमध्ये कॉकपिटमधून बाहेर पडायची वाट डोक्यावर आहे. एअरबसमध्ये बाजूच्या खिडक्या सरकतात. ऐकताना ‘माहीत आहे सर’ म्हणायचं नाही. ती माहिती ऐकणं हेसुद्धा त्या खुर्चीचं भाडं.

मग खुर्ची उघडली की दाराची वाट बंद होते, गुडघे मधल्या पेडेस्टलला लागतात, आणि तोंड बंद. विमान दहा हजार फुटांच्या खाली असेपर्यंत कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्द नाही. हा नियम अमेरिकेत 1981 साली आला. त्याच्या मुळाशी 1974 च्या सप्टेंबरातला शार्लटचा एक अपघात आहे. धुक्यात उतरताना दोघे पायलट राजकारण आणि जुन्या गाड्यांच्या गप्पा मारत होते, विमान धावपट्टीच्या अलीकडंच पडलं. सांबऱ्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांच्या आसपास, त्यामुळं वर जाताना ही शांतता फार वेळ टिकत नाही. खालून सुळेभावी-मोदग्याची शेतं मागं सरकतात, आणि थोड्याच वेळात कॅप्टन खुर्ची जरा मागं घेऊन विचारतात, ‘‘कुठला रे तू?’’

झोपायचं नाही, फोन काढायचा नाही, फोटो तर नाहीच. खाणं त्यांनी दिलं तर घ्यायचं. आमच्या बेळगावकरांची एक खोड अशी की कुठंही रिकाम्या हातानं जायचं नाही, त्यामुळं बॅगेत कुंद्याचा डबा असतोच. तो दारात द्यायचा नाही. बंगळूरला उतरून, चेकलिस्ट संपून, दोघं उठले की द्यायचा. आधी दिला की समोरच्याला नाही म्हणणं जड जातं, आणि त्याला जड जाईल असं काहीही दारात करायचं नाही.

शांततेला एक अपवाद आहे. काही चुकताना दिसलं तर बोलायचं. 28 ऑक्टोबर 2018 ला बालीहून जकार्ताला निघालेल्या लायन एअरच्या 737 मॅक्समध्ये कॉकपिटात तिसरा पायलट बसला होता, ड्युटीवर नसलेला. विमानाचं नाक आपोआप खाली जायला लागलं. दोन माणसं स्टिअरिंगशी झगडत असताना तिसऱ्याचे डोळे आणि हात मोकळे होते, त्याची मदत झाली. नाक खाली ढकलणारी ट्रिमची मोटर बंद केली गेली आणि ते विमान जकार्ताला पोचलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच विमान दुसऱ्या क्रूबरोबर समुद्रात पडलं, 189 माणसं गेली. त्या दिवशी तिसऱ्या खुर्चीवर कुणी असतं तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणी देऊ शकत नाही. पण जंपसीटवरचा माणूस म्हणजे नुसतं ओझं नव्हे, एवढं मला त्यातून कळलं.

हेच मी उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, खुर्चीवरूनही बघितलंय. बंगळूरला उतरत होतो, मागं जंपसीटवर नुकतीच ट्रेनिंग संपवून रोजच्या उड्डाणांवर आलेली एक पायलट मुलगी बसली होती. कंट्रोलनं उंची दिली, मी परत वाचली, कॅप्टननी पडताळली. मागून अगदी बारीक आवाजात आलं, ‘‘सर, मला वेगळी ऐकू आली.’’ कॅप्टननी एक क्षण वाया घालवला नाही. मला म्हणाले, ‘‘परत विचार.’’ विचारलं. आमचीच उंची बरोबर निघाली. ती बिचारी मागं आक्रसून बसली असणार. कॅप्टननी मान न वळवता सांगितलं, ‘‘परत काही वेगळं ऐकू आलं तर परत सांगायचं.’’ उतरल्यावर त्यांनी त्याचा विषयही काढला नाही. कॅप्टनचा अधिकार म्हणजे काय असं मला कुणी विचारलं तर मी आधी हे सांगेन, कायद्याचं नंतर.

कायद्याचं म्हणाल तर ते छोटंच आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या दुसऱ्या परिशिष्टात एक वाक्य आहे, की विमान ताब्यात असेपर्यंत त्याच्याबाबतचा अंतिम अधिकार कमांडरचा. आपल्याकडं 1934 चा विमान कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला, पण यात काडीचा फरक पडलेला नाही. कंपनी मला बसायला पात्र ठरवू शकते. बसवू शकत नाही.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. अंगावर आलं ते एका गणपतीत.

बेळगावचं विसर्जन ज्यांनी बघितलंय त्यांना सांगायला नको. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, कपिलेश्वरच्या तळ्याशी मंडळांची रांग लागलेली असते. मी पहाटेपर्यंत आमच्या गल्लीच्या मंडळाबरोबर होतो, मग घरी येऊन दुपारी उशिरापर्यंत झोपलो, अंघोळ केली आणि संध्याकाळच्या विमानाला सांबऱ्याला गेलो. ड्युटी दुसऱ्या दिवशी रात्रीची, म्हणजे घाई काही नव्हती. विमान खचाखच. यादीत नाव होतं, नळी फुंकून झाली होती. नेहमीसारखा पुढं गेलो, दारात थांबलो. कॅप्टन मला तोंडओळखीचे, मी त्यांच्याबरोबर कधी उडवलेलं नव्हतं. त्यांनी मान वर केली. मी विचारलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग समोरच्या काचेकडं. काचेवर पाऊस होता.

‘‘आज नको,’’ म्हणाले.

पुढं काही नाही. सॉरी नाही, कारण नाही. आवाजही चढलेला नव्हता. मी ‘‘ओके सर, सेफ फ्लाइट’’ म्हटलं आणि वळलो.

खाली ग्राउंड स्टाफचा एक पोरगा होता, बाळेकुंद्रीचा. त्याला माझ्यापेक्षा जास्त लागलं. ‘‘लिस्टात नाव हाय की सर तुमचं! ऑप्सला लावू काय फोन?’’ मी त्याला थांबवलं. पाऊस पडत असताना, उड्डाणाला थोडा वेळ उरलेला असताना, कॅप्टनच्या फोनवर ऑपरेशन्सचा माणूस येऊन ‘सर, घ्या की त्याला’ म्हणणार, आणि ते गृहस्थ वैतागून हो म्हणणार किंवा आणखी वैतागून नाही म्हणणार. दोन्हींतलं काहीही झालं तरी ते त्याच डोक्यानं टेकऑफ करणार. त्यापेक्षा मी रस्त्यानं गेलेला बरा.

रस्त्यानं म्हणजे काय, तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसची वेटिंग लिस्ट वाचायच्या पलीकडं गेलेली, खासगी स्लीपर गाड्यांचे दर दुप्पट. काकांना फोन लावला. काका सरकारी बसवर ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण स्टँडवर अजून मान आहे. त्यांनी शब्द टाकून लाल बसमध्ये मागच्या ओळीतली एक जागा मिळवून दिली. आई सोडायला आली होती. ‘‘तुझीच कंपनी, तुझंच विमान, आणि तुलाच नको म्हणाला? भांडला नाहीस?’’ मी काही बोलायच्या आत काकाच म्हणाले, ‘‘वैनी, जुन्या गाडीत इंजिनाच्या बॉनेटवर कुणाला बसवायचं ते ड्रायव्हर ठरवायचा. डेपो मॅनेजरची चिठ्ठी घेऊन आला तरी मी बघून घ्यायचो. पिऊन आलेला, झोपेत पेंगणारा, बडबड्या... नको म्हणायचो. बॉनेटवरचा माणूस गिअरच्या हाताशी असतोय.’’

रात्रभर हिसके खात गेलो. हुबळी आली, हावेरी गेली, झोप लागेना. तेव्हा मनात जे चाललं होतं त्यात राग थोडा होता, नाही असं नाही. पण कानामागं हात गेला तेव्हा बोटाला गुलाल लागला. अंघोळ करूनही राहिला होता. म्हणजे दारात उभा असताना त्या माणसाला काय दिसलं असेल? कपाळाच्या कडेला गुलाल आणि तांबडे डोळे. मी दिवसभर झोपलो होतो हे मला माहीत. त्यांना कसं माहीत असणार?

इथं दोन घटना सांगायला हव्यात, कारण त्या कॅप्टन लोकांच्या डोक्यात असतातच, बोलत नाहीत एवढंच. 7 एप्रिल 1994 ला मेम्फिसहून निघालेल्या फेडेक्सच्या मालवाहू विमानात जंपसीटवर त्याच कंपनीचा फ्लाइट इंजिनिअर बसला होता. त्याच्यावर चौकशी चालू होती. विमान वर गेल्यावर त्यानं हातोड्यांनी तिघांच्या डोक्यावर वार केले. रक्तबंबाळ अवस्थेत त्यांनी त्याला आवरलं आणि विमान परत उतरवलं. दुसरी घटना अलीकडची, 22 ऑक्टोबर 2023. एव्हरेटहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या विमानात ड्युटीवर नसलेला एक कॅप्टन जंपसीटवर होता. वाटेत त्यानं डोक्यावरचे इंजिनांचे फायर हँडल धरून ओढायचा प्रयत्न केला. ते पूर्ण ओढले गेले असते तर दोन्ही इंजिनांचं इंधन बंद. क्रूनं त्याचे हात सोडवले. चाळीस तास झोपलो नाही, असं त्यानं नंतर सांगितल्याचं कोर्टाच्या कागदांत आलं.

दोघांकडं ओळखपत्र होतं. दोघं खरेच नोकरीत होते. यादी, संगणक, कार्ड यातल्या प्रत्येकानं त्यांना बरोबर ओळखलं होतं. कार्ड एवढंच सांगतं की हा माणूस आमचा आहे. तो आज कसा आहे हे दारातल्या त्या अर्ध्या मिनिटातच कळायचं तर कळतं. नाहीतर नाहीच. म्हणून धारवाडच्या मॅडम वळून बघतात. म्हणून आपण तिथं गप्प उभं राहायचं, स्वतःला बघू द्यायचं. मला तरी आता तो रिवाज सगळ्या कागदांपेक्षा मोठा वाटतो, आणि त्यात एखाद्याला उगीच नाही म्हटलं गेलं तर ती किंमत फार नाही. एक रात्र लाल बसमध्ये.

अधिकाराचा दुरुपयोग होत नाही असं मात्र नाही. अमेरिकेत 1983 च्या काँटिनेंटल एअरलाइन्सच्या संपात फुटून कामावर गेलेल्या पायलटांना पुढं कित्येक वर्षं दुसरे कॅप्टन जंपसीट देत नसत. त्यात सुरक्षिततेचा काही संबंध नव्हता, राग होता. आणि उलट्या बाजूनं बघायचं तर नको त्याला आत घेणारेही आहेत. फेब्रुवारी 2023 मध्ये दुबई-दिल्ली विमानात एका कॅप्टननं आपल्या मैत्रिणीला कॉकपिटमध्ये बसवलं. डीजीसीएनं त्याचं लायसन्स तीन महिने निलंबित केलं, कंपनीला तीस लाखांचा दंड झाला. त्या बातमीतली एक ओळ फारशी कुणाच्या लक्षात राहिली नाही, माझ्या राहिली: को-पायलटलाही ताकीद मिळाली, ठाम राहिला नाही म्हणून.

म्हणजे उजव्या खुर्चीलाही तोंड आहे. चांगले कॅप्टन हो म्हणायच्या आधी आमच्याकडं एक नजर टाकतात, ‘‘चालेल ना?’’ असं. आम्ही बहुतेक वेळा मान हलवतो. ज्यांच्याबरोबर चार वेळा उडवलंय त्यांना त्या मान हलवण्यातला फरकही कळतो.

ज्यांनी मला नको म्हटलं होतं, त्या कॅप्टनबरोबर पुढं माझं रोस्टर लागलं. अनेकदा लागलं. हाताला सफाई असलेला माणूस, वाऱ्यात विमान उतरवताना बघत राहावं असा. गणपतीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. त्यांना तो आठवत असेल असंही नाही. त्यांच्या बाजूला त्या संध्याकाळी कोण को-पायलट होता हेही मी कधी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं ते एकदाच, आणि त्याला कारण माझंच झालं.

पावसाळाच होता. दिवसाचा आमचा शेवटचा फेरा, सांबऱ्याहून बंगळूर. येताना ढग इतके खाली होते की धावपट्टी अगदी शेवटी दिसली. मागचे तीनही फेरे असेच गेलेले. मी दमलो होतो, नियमात बसत होतो पण दमलो होतो, आणि हा फेरा उडवायचा माझा होता. तेवढ्यात दारात आमच्याच बेळगावचा एक मित्र येऊन उभा राहिला. शाळेपासूनचा. हुशार पायलट, मनानं सोनं, पण तोंडाला कुलूप नाही. दहा हजार फुटांखाली तो गप्प बसला असता, त्याबद्दल शंका नाही. त्याच्या वर मात्र बंगळूर येईपर्यंत अख्खं टिळकवाडी, सगळ्यांची लग्नं आणि सगळ्यांचे पगार माझ्या कानात आले असते. मला त्या दिवशी कॉकपिट रिकामं हवं होतं.

त्यानं अगदी रीतसर विचारलं. बॅग बाहेर, कार्ड हातात. कॅप्टननी, त्याच कॅप्टननी, माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली नाही. एवढंच केलं. नजर एफएमएसवर ठेवली.

‘‘आज नको,’’ ते त्याला म्हणाले.

तो ओके सर म्हणून गेला. कॅप्टननी मला काही विचारलं नाही. ‘‘बिफोर टॅक्सी?’’ म्हणाले, मी चेकलिस्ट वाचायला घेतली. त्यांनी सांगितलं असतं की माझ्या को-पायलटला नको आहे, तर ते खोटं नव्हतं. पण त्याची आई आणि माझी आई दर सोमवारी कपिलेश्वराला भेटतात. बेळगावात एवढं पुरतं.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. बसनं गेला होता, पाठ धरली होती. ‘‘तुझा तो कॅप्टन लई खडूस हाय बघ,’’ म्हणाला.

‘‘होय की,’’ म्हटलं मी.